गाणे कोणापुढे?

ज्या स्थळी माणसे मारली गेली, पुरली गेली किंवा पूजिली गेली, त्या स्थळी मोठ्या आवाजात वाद्ये वाजवणे हा त्या स्थळाचा मान ठरतो की भंग, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा परवाने, ध्वनिमर्यादा आणि दगडी बांधकामाला बसणारे हादरे यांच्या भाषेत विचारला जातो. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु प्रश्नाचे मूळ धार्मिक आहे, कारण तो विचारणारा आधीच मान्य करून बसलेला असतो की स्थळाचे आपल्यावर काही ऋण आहे आणि तेथे जमलेल्या जिवंत माणसांखेरीज आणखी कोणाचा तरी विचार केला पाहिजे. हा ‘आणखी कोणी’ कोण, याचे उत्तर मिळाल्याशिवाय गाणे भजन आहे की रॉक, वाद्य खंजिरी आहे की विजेची गिटार, याला फारसा अर्थ राहत नाही.

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे गाव या विचारासाठी योग्य ठिकाण आहे, कारण तेथे मृतांची स्मृती दोन अगदी भिन्न रूपांत शेजारी शेजारी नांदते. पहिले रूप सतराव्या शतकातील मोगल शैलीच्या दोन मकबऱ्यांचे. जहांगीर बादशहाच्या काळात ज्याच्याकडे आष्टीची जहागीर होती, तो सरदार महंमद खान नियाझी आणि त्याचा पुत्र अहमद खान यांच्या या समाध्या आहेत. दुसरे रूप १६ ऑगस्ट १९४२ या दिवसाचे. त्या नागपंचमीला परिसरातील गावकरी पोलिस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, आंदोलक आणि पोलिस अशी दोन्ही बाजूंची माणसे प्राणास मुकली आणि गावाच्या नावामागे ‘शहीद’ हे विशेषण कायमचे लागले. मकबरा मृताला निवांत ठेवू पाहतो, तर हुतात्मा स्मारक मृताला जिवंतांच्या कानाशी आणून बसवते. एका ठिकाणी शांतता हाच आदर, तर दुसऱ्या ठिकाणी घोषणा आणि गीते नसतील तर विस्मरण झाले असे वाटते. ‘ऐतिहासिक स्थळ’ हा सरकारी शब्द या दोहोंना एकाच रकान्यात बसवतो आणि म्हणूनच तो या विचारात फार उपयोगी पडत नाही.

प्राचीन स्थळी रॉक संगीत वाजवण्याचा सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग इटलीत झाला. ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाने पाँपेई येथील रोमन रंगमंडलात, म्हणजे चहूबाजूंनी पायऱ्या असलेल्या लंबवर्तुळाकार खुल्या आखाड्यात, चित्रपटासाठी वादन केले. या वृंदाचे तेव्हाचे संगीत ‘प्रायोगिक रॉक’ या नावाने ओळखले जाते. म्हणजे ध्रुवपद आणि कडवे यांची ठरीव चौकट मोडून वीस-वीस मिनिटे चालणाऱ्या रचना, आणि ध्वनिवर्धकाचा घुमारा किंवा यंत्राची किंचाळी यांसारखे एरवी दोष मानले जाणारे आवाज संगीताचे द्रव्य म्हणून वापरणे. दिग्दर्शक एड्रियन मेबन यांचा निर्णय असा की समोर श्रोता एकही नसावा. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवानंतर संगीताच्या चित्रपटांत गर्दीचे दर्शन जवळजवळ अनिवार्य झाले होते. त्या प्रथेला हे जाणीवपूर्वक दिलेले उत्तर होते. वृंदाने आपली फेरीतील सर्व अवजड सामग्री तेथे नेली, ध्वनिमुद्रणावर ओठ हलवण्यास नकार दिला, वीज अपुरी पडल्यावर गावातून लांबवर केबल ओढून आणली गेली आणि सुमारे वीस हजार माणसे बसू शकतील अशा त्या रिकाम्या पायऱ्यांसमोर खरोखरीचे वादन झाले.

या प्रयोगाकडे केवळ दृश्यचमत्कार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. इसवी सनापूर्वी ७० च्या आसपास बांधलेले हे रंगमंडल इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. ज्या शहरातील माणसे धावता धावता, एकमेकांना कवटाळून मेली, त्या शहरात वाजवलेले संगीत रिकाम्या जागेत वाजले असे म्हणताच येत नाही. जिवंत श्रोता काढून टाकल्यावर मृत श्रोता आपोआप पुढे येतो. पडद्यावर पोळलेल्या चेहऱ्यांच्या मूर्ती, भित्तिचित्रे आणि ज्वालामुखीची धूसर वाफ दिसते, तेव्हा वादकांचे तोंड कोणाकडे आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. तथापि या प्रयोगाची एक गंभीर उणीव आहे. मृत हे सर्वांत सोयीचे श्रोते असतात. ते उठून जात नाहीत, प्रश्न विचारत नाहीत आणि गाण्याने त्यांचे काही बिघडत नाही. शिवाय हे स्थळ केवळ निसर्गाच्या कोपाचे नव्हते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवल्याप्रमाणे इसवी सन ५९ मध्ये याच रंगमंडलात पाँपेई आणि शेजारचे न्युकेरिया यांच्या प्रेक्षकांत रक्तरंजित दंगल उसळली आणि रोमच्या सिनेटने तेथील झुंजींवर दहा वर्षांची बंदी घातली. आखाड्यात मरणाऱ्या ग्लॅडिएटरांना, म्हणजे बहुतांशी गुलामांना, त्या संगीतात जागा मिळाली काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. ज्वालामुखीने मारलेल्यांसाठी वाजवणे सोपे असते, माणसांनी मारलेल्यांसाठी वाजवणे अवघड.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने स्थळ आणि स्वर यांचा संबंध नेमक्या उलट बाजूने लावला आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील आख्यायिका अशी की नामदेवांचे कीर्तन देवळापुढे चालू असता पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूस जाण्यास सांगितले आणि नामदेव मागे जाऊन गाऊ लागताच देऊळच त्यांच्याकडे फिरले. ऐतिहासिक सत्य म्हणून नव्हे तर सिद्धान्त म्हणून ही कथा वाचली पाहिजे. येथे स्थळ गाण्याला पावित्र्य देत नाही. स्थळालाच गाण्याकडे तोंड करावे लागते, आणि गाणाऱ्याला जेथून हाकलले गेले ती जागा मुख्य ठरते. चोखोबांच्या कथेत हाच विचार मृत्यूपलीकडे जातो. मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबा आणि इतर मजूर गाडले गेले, तेव्हा ढिगाऱ्यातील ज्या हाडांमधून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती नामदेवांनी चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. पाँपेईत मृत ऐकतात, मंगळवेढ्यात मृत बोलतात. ज्याला जिवंतपणी देवळात प्रवेश नव्हता त्याचीच हाडे आवाज देतात, हा या कथेतील न्याय आहे आणि ऐतिहासिक स्थळी गाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो मनावर घेण्याजोगा आहे: तेथे गाण्यापूर्वी तेथे कोणाचा आवाज आधीपासून चालू आहे हे ऐकावे लागते.

याच भूमीत, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. नादाचे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. अनाहत नाद, म्हणजे कशावरही आघात न होता उमटणारा, योग्यालाच ऐकू येणारा सूक्ष्म ध्वनी. आणि आहत नाद, म्हणजे बोटाने तार छेडल्याने, हाताने चामडे ठोकल्याने किंवा वायू कंठातून गेल्याने निर्माण होणारा. शार्ङ्गदेवाचे मत असे की अनाहत मुक्ती देतो पण मनाला रंजवत नाही, तर आहत नाद लोकांना रंजवतोही आणि संसाराचे बंधन तोडतोही. रंजन आणि मुक्ती यांत विरोध न मानणारी ही भूमिका पुढील काळात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही, आणि मोठ्या आवाजाचे, शरीराला हलवणारे संगीत हे अध्यात्माच्या खालच्या पायरीचे, हा समज रूढ झाला. तो सोडला तर आघातावरच जगणारे रॉक संगीत आणि आघातावरच जगणारे खंजिरी-भजन यांना एकाच कसोटीस लावणे शक्य होते.

खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर चामडे ताणलेले, कडेला झांजेच्या चकत्या असलेले, एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायचे छोटे वाद्य. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हे वाद्य विदर्भाच्या सार्वजनिक जीवनात आणले. त्यांनी भजन देवळाच्या सभामंडपातून गावच्या चौकात काढले; ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेदाचा निषेध आणि स्वातंत्र्य हे भजनाचे विषय केले; मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थनेची शिस्त गावोगाव रुजवली. आपल्या परंपरेतील हा एक धाडसी प्रयोग होता आणि प्रायोगिक हा शब्द त्याला लावण्यात संकोच करण्याचे कारण नाही. १९४२ पर्यंत ही भजने आष्टी, चिमूर, बेनोडा, यावली या पट्ट्यात सर्वतोमुखी झाली होती. सामान्य वस्तूंना शस्त्राचे आणि भक्तांना सैन्याचे रूप येईल, अशा आशयाची पदे त्यांत होती. ऑगस्टमध्ये याच पट्ट्यातील गावे उठली, महिनाअखेरीस तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. आष्टी आणि चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. देशभर मागणी उठल्यानंतर ती जन्मठेपेत बदलली.

पाँपेईत श्रोता काढून टाकला होता. येथे श्रोता गाणाऱ्याच्या हातून सुटून स्वतः कर्ता झाला. मग कृत्याचे फळ कोणाचे? मीमांसा, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, या प्रश्नाकडे बारकाईने पाहते. विधिवाक्यात ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणारा एक व्यापार असतो, त्यास ‘शाब्दी भावना’ म्हणतात. आणि ऐकणारा प्रत्यक्ष प्रयत्नास लागतो, त्यास ‘आर्थी भावना’. शब्द ढकलतो, परंतु उठतो माणूस. या विश्लेषणाने गाणाऱ्याची मोकळीक होते असे वाटते खरे, पण आपस्तंब धर्मसूत्र ती पुन्हा हिरावून घेते: कृत्यास उद्युक्त करणारा, त्यास अनुमती देणारा आणि ते करणारा, असे तिघेही त्याच्या बऱ्यावाईट फळाचे वाटेकरी आहेत, असे तेथे म्हटले आहे. आष्टीच्या संदर्भात ही तरतूद फार खोल जाते. हुतात्म्यांच्या पुण्याचा वाटा भजनाला द्यायचा असेल, आणि तो द्यायलाच हवा, तर ठाण्यात मारल्या गेलेल्या शिपायांच्या मृत्यूचा वाटाही त्याच हिशोबात येतो. अहिंसेचे केंद्र असलेले सेवाग्राम त्याच जिल्ह्यात असताना हे घडले, ही गोष्ट विसरून आष्टीचे कोणतेही स्मरणगीत प्रामाणिक होऊ शकत नाही. यातून त्या उठावाचे मोल कमी होत नाही. ज्यांच्या घरी शेतीशिवाय काही नव्हते अशी माणसे बंदुकीसमोर गेली, ही गोष्ट कोणत्याही न्यायशास्त्राच्या तराजूपेक्षा जड आहे. परंतु गाण्याची ताकद मान्य करणाऱ्याने त्या ताकदीची संपूर्ण व्याप्ती मान्य केली पाहिजे.

आष्टीच्या मकबऱ्यांकडे वळताना इस्लामी परंपरेतील ‘समा’चा विचार साहाय्य करतो. समा म्हणजे ईश्वरस्मरणासाठी संगीत ऐकणे, आणि यात भर गाणाऱ्यावर नसून ऐकणाऱ्यावर आहे, हेच त्याचे वैशिष्ट्य. इमाम गझाली यांनी सूफी जुनैद यांच्या नावे दिलेल्या वचनानुसार समाला तीन अटी आहेत: योग्य काळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती. तिन्ही एकत्र नसतील तर न ऐकलेले बरे. संगीत हराम की हलाल या वादात ही भूमिका मध्यम वाटते, पण प्रत्यक्षात ती अधिक कठोर आहे, कारण ती संगीताला दोषमुक्त करून सगळा भार जमलेल्या माणसांच्या अंतःकरणावर टाकते. दख्खनमध्ये खुलदाबाद येथे विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब हे चौदाव्या शतकातील चिश्ती संत समाचे पुरस्कर्ते होते. म्हणजे समाधीजवळ संगीत असावे हा विचार या प्रदेशाला परका नाही. परंतु सरदाराचा मकबरा आणि संताचा दर्गा एक नव्हेत. दर्ग्यात ऐकण्यासाठी लोक येतात, त्यांच्यामुळे सोबत्यांची अट पुरी होते. ज्या मकबऱ्यापाशी फक्त इमारत पाहायला येणारे येतात, तेथे स्थळ आहे, काळ ठरवता येईल, पण सोबती कोठून आणायचे?

या तीन अटींवर तपासल्यास उद्या एखाद्या तरुण वृंदाने आष्टीत, मकबऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत किंवा स्मारकाच्या पटांगणात, गिटार आणि ढोलांसह वादन करायचे ठरवले, तर विरोध वाद्यांना करण्याचे कारण उरत नाही. मकबऱ्यासमोर त्या वृंदाने सतराव्या शतकाला सजावट म्हणून वापरले, घुमटावर रंगीत दिवे टाकून स्वतःची भव्यता वाढवली, तर ते पाँपेईतील प्रयोगापेक्षाही उथळ ठरेल, कारण तेथे निदान रिकाम्या पायऱ्यांपुढे उभे राहण्याचे धैर्य होते. स्मारकापाशी प्रश्न अधिक अवघड आहे. तेथील मृत निमूट श्रोते नाहीत. त्यांचे नातू-पणतू गावात आहेत, आणि ज्यांचे नाव स्मारकावर नाही अशा शिपायांचेही कोणी तरी कुठे तरी असतील. अशा श्रोत्यांपुढे गाणाऱ्याला विजयगीत गाता येत नाही आणि नुसता शोकही करता येत नाही. प्रायोगिक संगीताने घुमारा, खरखर, तुटलेली लय आणि दीर्घ थांबा यांना संगीतात जागा दिली आहे; ज्या कृत्याचे फळ अजून पूर्ण वाटले गेलेले नाही त्याविषयी बोलण्यास ही सामग्री गोड चालीच्या स्फूर्तिगीतापेक्षा अधिक लायक असू शकते. गुरुकुंजातही तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस प्रचंड समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. म्हणजे आघाताने उभ्या राहिलेल्या त्या परंपरेनेच आघात थांबवणे हाही आपल्या संगीताचा भाग मानला आहे. आष्टीत वाजवू इच्छिणाऱ्याने आपल्या रचनेत तो थांबा कोठे आणि कोणासाठी ठेवला आहे, हे गावाला आधी सांगितले पाहिजे. आणि गावाने परवानगी देताना आवाजाच्या पातळीआधी तेच विचारले पाहिजे.