बियाण्याचा दुधी

थंडीच्या दिवसांत आमच्या वसईच्या वाड्यांतून फेरफटका मारला, तर मांडवावर लोंबणारा एखादा जून दुधी हमखास दृष्टीस पडतो. कोवळा असतानाच तो तोडावयास हवा होता. परंतु कोणी तोडलेला नाही. तो फुगला आहे, निबर झाला आहे, त्याची हिरवी कांती फिकट होऊ लागली आहे, आणि देठाला एक चिंधी बांधलेली आहे. चिंधीचा अर्थ घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असतो. याला हात लावावयाचा नाही. हा बियाण्याचा आहे. विशेष हे की, बियाण्यासाठी किडका किंवा वेडावाकडा दुधी कोणी राखीत नाही. वेलीवरचा सर्वांत सुडौल, सर्वांत जोमदार जो असेल, तोच ताटात न येता वेलीवर राहतो.

गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या मते मात्र त्या चिंधीच्या गाठीत नीतिशास्त्राचा एक जुना आणि अवघड प्रश्न बांधलेला आहे. आजच्या भुकेचा हक्क मोठा, की उद्याच्या भुकेचा? घरात भाजी नाही अशा दिवशीही आजी तो दुधी तोडू देत नाही, तेव्हा ती समोर बसलेल्या नातवंडांचा घास अजून न आलेल्या हंगामासाठी बाजूला काढीत असते. असे करण्याचा तिला अधिकार काय? आणि कोठवर?

थंडीतली वाडी हा प्रश्न रोजच विचारीत असते. आगमनकाळाच्या आरंभी पेरलेली मेथी नाताळाच्या सुमारास काढणीस येते. मुळा, माठ, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, वाल यांची रेलचेल असते. वर्षातील सर्वांत भरल्या हाताचे हे दिवस. आणि नेमक्या याच दिवसांत वाडीवाल्याला उन्हाळ्याचा हिशेब मांडावा लागतो. काकडी, दुधी, भेंडी यांच्या बियांना थंड माती मानवत नाही. घाई केली तर बी जमिनीतच कुजते. म्हणून जानेवारी सरता सरता, थंडीचा कडाका उतरल्यावर, आळी करावयाची. टोमॅटो ज्या वाफ्यात होते त्यात लगेच वांगी लावावयाची नाहीत, कारण दोन्ही एकाच कुळातली. एकीचा मर रोग दुसरीला वारशाने मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विहिरीत आज पाणी किती आहे हे न पाहता एप्रिलात किती असेल ते पाहून वाफे मोजावयाचे. समुद्रकाठच्या आमच्या विहिरी अति उपसल्या की मचूळ होतात. पावसाचे गोडे पाणी मुरवणारी बावखले पूर्वजांनी राखली ती याचसाठी. त्यांतली कित्येक आपण बुजवून टाकली, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

शुभवर्तमान वाचणाऱ्याला येथे ठेच लागते. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू उद्याची चिंता करू नका असे बजावतो आणि आकाशातील पाखरांकडे बोट दाखवतो. ती पेरीत नाहीत, कापीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत. मग एप्रिलच्या पाण्याचा हिशेब जानेवारीत करणारा वाडीवाला अल्पविश्वासी म्हणावयाचा काय? काही भाविक असा अर्थ लावतात. आम्हांला तो पटत नाही. पाखरे पेरीत नाहीत एवढेच प्रभू सांगतो; माणसाने पेरू नये असे तो म्हणत नाही. उलट त्याच्या दाखल्यांत पेरणारा पुन्हा पुन्हा येतो. चिंता आणि तरतूद या एकाच घरातल्या दोन बहिणी नव्हेत. चिंता करणारा मूठ आवळतो. पेरणारा ती उघडतो. खाता येण्याजोगा दाणा मातीत टाकून देणे आणि पुढचे काम पाऊस, ऊन व परमेश्वर यांच्यावर सोपवणे, याहून निश्चिंत कृती आम्हांला तरी ठाऊक नाही. लूकच्या बाराव्या अध्यायातील मूर्ख धनवान जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याच्या गोष्टी करतो. त्याचे स्वगत लक्षपूर्वक वाचावे. त्यात खाणे आहे, पिणे आहे, मौज आहे. शेजारी नाही. आणि, शेतकऱ्याच्या तोंडी विचित्र वाटावे असे, पुढची पेरणीही नाही.

येथवर उत्तर सोपे आहे. भरल्या घरात एक दुधी राखणे ही दूरदृष्टी होय, त्यात कोणाचे काही अडत नाही. परंतु तत्त्वाची कसोटी भरल्या घरात लागत नसते.

ती कसोटी रशियातील लेनिनग्राड शहरात लागली. निकोलाय वाविलोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर हिंडून धान्ये, कडधान्ये, भाज्या, बटाटे यांच्या वाणांचा प्रचंड संग्रह त्या शहरातील संस्थेत जमवला होता. दुष्काळ पुन्हा येऊ नये, हा त्यामागचा ध्यास. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने शहराचा वेढा आवळला. तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत पुरता उठला नाही. पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये, मुलाबाळांना आणि कामगार नसलेल्या सर्वांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही पिठाखेरीज भलतेच काही मिसळलेले असे. लाखो माणसे भुकेने आणि थंडीने गेली. त्या काळात त्या संस्थेतील संशोधक तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे यांच्या पिशव्यांभोवती पहारा देत बसले होते. उंदरांपासून राखावयाचे, हिमापासून राखावयाचे, आणि स्वतःपासूनही. बटाट्यांचे वाण गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तळघरात ऊब ठेवली जात असे. त्यांच्यापैकी अनेक जण उपासमारीने मेले. दमित्री इवानोव हा भाताचा जाणकार तांदळाच्या हजारो पुड्यांच्या सहवासात भुकेने गेला. शेंगदाण्यांचा जाणकार अलेक्झांडर शूकिन आपल्या मेजापाशीच मरण पावला. खुद्द वाविलोव त्या वेळी तेथे नव्हता. १९४० मध्ये त्याच्याच सरकारने त्याला तुरुंगात टाकले होते, आणि सारातोवच्या तुरुंगात २६ जानेवारी १९४३ रोजी, दुष्काळ हटवू पाहणारा हा माणूस उपासमारीने खंगून मेला.

हे योग्य होते काय?

आमच्या एका तरुण मित्राने हा इतिहास ऐकून तत्काळ म्हटले, ‘वेडे होते ते!’ त्याच्या म्हणण्यातील माणुसकी आम्ही अमान्य करीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, प्राणांतिक गरजेच्या वेळी सृष्टीतील वस्तू सर्वांच्या होतात. भुकेने मरणाऱ्याने दुसऱ्याचे धान्य उचलले तर ती चोरी ठरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात हीच शिकवण पुन्हा मांडली. तेव्हा त्या पहारेकऱ्यांपैकी एखाद्याने रात्री एक पुडी फोडून मरणाच्या दारातील बालकाला भरवली असती आणि तो पापनिवेदनास आमच्यासमोर बसला असता, तर यात पाप ते कोणते, असे आम्हीच त्याला विचारले असते.

मग ज्यांनी पुडी फोडली नाही ते चुकले काय? त्यांनी आत्मघात केला काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला फुटलेल्या जहाजाचे उदाहरण असे. हाती आलेली फळी जो दुसऱ्याला देतो, तो आत्मघातकी ठरत नाही. त्याची इच्छा मरणाची नसते. दुसऱ्याने जगावे अशी असते. परंतु फळीच्या उदाहरणात तो दुसरा समोर गटांगळ्या खात असतो. त्याला चेहरा असतो, त्याची हाक ऐकू येते. बियाण्याची राखण करणाऱ्यासमोर कोणीच नसते. ज्याच्यासाठी तो उपाशी राहतो, तो अद्याप जन्मलेलाही नाही. न जन्मलेल्यावर प्रीती करता येते काय? तत्त्वज्ञ याविषयी वाद घालतात. आमच्या वाड्यांत रायवळ आंबा लावणाऱ्या म्हाताऱ्याने तो वाद न वाचताच निकालात काढला आहे. त्या झाडाची डेरेदार सावली आपल्याला लाभणार नाही, हे रोप लावतानाच त्याला ठाऊक असते. एका निरीश्वरवादी राजवटीच्या त्या नोकरांनी तेच केले, फक्त किंमत कल्पनेबाहेरची मोजली. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याखेरीज फळ देत नाही, ही योहानच्या बाराव्या अध्यायातील शिकवण आपण दफनविधीच्या वेळी ऐकतो. त्यांनी ती अक्षरशः आचरली.

तथापि एक रेघ आम्ही येथे ओढू इच्छितो, आणि ती पुसट राहू नये. स्वतःची भूक बियाण्यासाठी सोसणे हा आदरास पात्र त्याग होय. दुसऱ्याच्या लेकराची भूक बियाण्यासाठी सोसणे, हा त्याग नव्हे. त्याग ही स्वतःच्याच ताटातून काढावयाची गोष्ट आहे. ज्याचे ताट आहे त्याला न विचारता ते उचलले, तर उद्दिष्ट कितीही थोर असो, तो जुलूम ठरतो. भावी पिढ्यांच्या कल्याणासाठी आजची एक पिढी चिरडणाऱ्या राजवटी विसाव्या शतकाने पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्याच एकीने वाविलोवला मारले.

यावर कोणी म्हणेल, मग बियाणे कधीच उरणार नाही, कारण कोणी ना कोणी सदैव भुकेला असतोच. हा आक्षेप खरा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दरसाल पाचवा हिस्सा साठवला, हे आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात कौतुकाने शिकवतो. सत्तेचाळिसावा अध्याय मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. दुष्काळ लांबला तेव्हा लोकांनी पैसे दिले, मग गुरे दिली, आणि शेवटी, आम्हांला बियाणे द्या म्हणून, जमिनी आणि स्वतःला फारोच्या हवाली केले. त्यांना बियाणे मिळाले, स्वातंत्र्य गेले. धान्य सरले की माणूस मदत मागतो. बियाणे सरले की तो मालक मागतो. म्हणूनच भरल्या दिवसांतली चिंधी एवढी मोलाची. लेकरू की बियाणे, अशी निवड करण्याची पाळीच येऊ नये, हे थंडीतल्या त्या हिशेबाचे खरे प्रयोजन होय.

आज आपण बहुतेक जण पाकिटातले बी आणतो. हायब्रीड बी वाईट असते असे आमचे म्हणणे नाही; त्याने पुष्कळ घरे पोसली. पण त्याच्या फळातले बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही, गुण विस्कटतात. हे विस्कटणे कोणत्या नियमाने होते, ते ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या वेलींवर १८५६ ते १८६३ या काळात प्रयोग करून शोधले. भाजीपाल्याचा वाफा ही त्याची प्रयोगशाळा, हे आम्हांला सदैव सुखावते! त्या ज्ञानाचा दोष नाही. परंतु दरवर्षी पाकीट घेणाऱ्या हाताला चिंधी बांधण्याची सवय उरत नाही. आपल्या देशाच्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी तो हक्क घराघरांत जिवंत केला, आणि २०२० च्या पद्मश्रीने त्यांचा सन्मान झाला. कायदा हक्क देतो. तो वापरावयाला वाडी लागते.

आणि आमच्या धर्मग्रामांत वाड्याच विकल्या जात आहेत. ज्यांनी विकल्या त्यांना दोष देण्याइतके आम्ही दूर उभे नाही. मुलीचे लग्न, आजारपण, भावांतील वाटण्या ही कारणे घरोघरी जाऊन आम्ही ऐकली आहेत, आणि त्यांतली काही खरोखर प्राणांतिक गरजेची होती. पण सगळी नव्हती. काही कुटुंबांनी तिसऱ्या मोटारीसाठी बियाण्याचा दुधी कापला, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला नव्या भाताची कणसे वेदीपाशी आणताना ती कोणाच्या शेतातून आणावयाची, हा प्रश्न आता काही ठिकाणी पडू लागला आहे.

अशाच एका घरातील वृद्ध बाईंनी या नाताळात आम्हांला विचारले, ‘फादर, वाडी गेली, आता फ्लॅटात राहते. सासूबाईंच्या हातचं शिराळ्याचं बी राख लावून बाटलीत ठेवलंय. मी गेल्यावर ते टाकून देतील ना?’ आम्ही त्यांना सांगितले की, बाटलीत ठेवलेले बी राखलेले नसते. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांत मरते, शिराळ्याचे आणखी काही वर्षे तग धरील, पण त्यालाही मरण आहेच. अर्धे बी, ज्यांची वाडी अजून आहे अशा शेजारणीला द्यावे. ती दुसऱ्या धर्माची असली तरी हरकत नाही. उरलेले गच्चीवर मोठ्या कुंडीत लावावे. कुंडी निदान दीड फूट खोल हवी, ऊन सहा तास तरी मिळावे, बी रात्रभर पाण्यात भिजवावे, आणि जानेवारी संपेपर्यंत घाई करू नये. त्यांनी विचारले, पहिले शिराळे खायचे की ठेवायचे? घरात कोणी आजारी नसेल, तर ठेवा, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘नातवाला शिराळं आवडतच नाही.’