पूरूची जबानी

दादरच्या एका व्याख्यानमालेत यंदा एका विद्वान वक्त्याने, वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही भोगलालसेवरची बोधकथा असून आता तिच्यात घेण्यासारखे काही उरलेले नाही, असा निकाल टाळ्यांच्या गजरात देऊन टाकला. १९५९ साली निघालेल्या आणि पुढे ज्ञानपीठाचा मान मिळालेल्या या कादंबरीची त्यांनी बहुधा प्रस्तावना तेवढी वाचली असावी. तीत आधुनिक मनुष्याच्या भोगवृत्तीकडे बोट दाखवून खांडेकरांनीच टीकाकारांचे काम हलके करून ठेवले आहे, हे खरे. पण प्रस्तावना म्हणजे काही कादंबरीचे मुखत्यारपत्र नव्हे.

माझ्या मते ही कथा मत्सराची आहे, आणि तो मत्सर शर्मिष्ठेच्या महालात नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी शुक्राचार्यांच्या आश्रमात जन्मला. संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाला दैत्यांनी वारंवार मारावे, देवयानीने पित्याला गळ घालून त्याला संजीवनीने उठवावे आणि विद्या पदरात पडताच त्याच कचाने, आपण आचार्यांच्या उदरातून बाहेर आलो तेव्हा तू माझी बहीण, असे म्हणून तिला नाकारावे, या आदिपर्वातल्या प्रसंगात नात्याचा जो उपयोग झाला आहे तो शापाहूनही क्रूर आहे. नुसता नकार माणूस पचवतो. बहीण म्हणून बोळवण झाली तर दाद कोणाकडे मागावी? विहिरीचे प्रकरण, शर्मिष्ठेचे दास्य, नवऱ्याचे वार्धक्य ही सारी त्याच एका थकबाकीची वसुली होय. खांडेकर मात्र देवयानीला अहंकारी ठरवून मोकळे होतात आणि कचाला देव्हाऱ्यात बसवतात. त्या देव्हाऱ्याकडे तिन्ही निवेदक आपापल्या परीने पाहतात, पण कच स्वतः निवेदक नाही. श्रद्धा येथे दुरूनच दिसते.

येथवर मी देवयानीचे वकीलपत्र चालवले खरे, पण ते चालवता चालवताच या अशिलाबद्दलचा माझा उत्साह ओसरू लागला. तिला निदान तक्रारीपुरती पाने तरी मिळाली. ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. ज्याच्या देहावर या कुटुंबाचा सगळा खटला निकाली निघाला त्या, बापाला आपले तारुण्य देऊन त्याचे वार्धक्य घेणाऱ्या पूरूची जबानी मात्र दप्तरात नाही. गिरीश कर्नाडांना ही उणीव जाणवली असावी. ऐन विशीत, परदेशी निघण्याच्या तयारीत असताना लिहिलेल्या आपल्या 'ययाति' नाटकात त्यांनी महाभारतात नसलेली चित्रलेखा, म्हणजे पूरूची पत्नी, उभी केली आणि अवचित म्हातारा होऊन समोर आलेल्या नवऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न तिच्या पदरात टाकला.

लालबाग-परळच्या वाचकाला पूरू समजावून सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढाऱ्यांच्या आणि मालकांच्या कैफियती पुष्कळ झाल्या. शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागलेल्या थोरल्या मुलाची, किंवा खानावळीचे डबे भरता भरता जिचे लग्न लांबले त्या थोरल्या मुलीची जबानी क्वचितच कोणी घेतली. ययातीने निदान तारुण्य तोंडाने मागितले होते. या घरांत कोणी काही मागितलेही नाही.

पूरूला राज्य मिळाले ना, असे आमचे वक्ते म्हणतील. मिळाले, पण थोरल्या भावाला, यदूला, डावलून. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची सोडत निघते तेव्हा मयत कामगाराच्या वारसाचा दाखला कोणाच्या नावाने काढायचा यावरून घराघरांत जी भाऊबंदकी माजते, ती त्यांनी एकदा लालबागेत येऊन ऐकावी. शाळा ज्याने सोडली त्याचेच नाव दाखल्यावर चढते असे नाही.