नित्यक्रम आणि निवड

नित्यक्रमाची निंदा करणें फार सोपें आहे. रोज त्याच वेळीं उठावें, त्याच वाटेनें कामास जावें व त्याच गोष्टी बोलून परतावें, हें जीवन नव्हे, यंत्र आहे, असें सांगणारे उपदेशक ठिकठिकाणीं भेटतात. आम्हांस ही निंदा सर्वस्वीं मान्य नाहीं. दांत घासावे कीं न घासावे याचा कोणी रोज सकाळीं खल करूं लागला, तर त्याची दुपार तेथेंच होईल. सवय क्षुल्लक गोष्टींचा भार उचलते, म्हणूनच मोठ्या गोष्टींसाठीं मन मोकळें राहतें. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत सवयीचा हा उपकार मान्य केला आहे. आणि तेथेंच, एखादी लहानशी गोष्ट केवळ ती नकोशी वाटते एवढ्याच कारणासाठीं अधूनमधून करीत जावी, असा सल्लाही दिला आहे. हे दोन विचार परस्परविरोधी दिसतात. पण ते खरोखर तसे आहेत काय?

फेब्रुवारी २०१४ मध्यें लंडन शहरांत भुयारी रेल्वेच्या कामगारांनीं दोन दिवस संप केला. कांहीं स्थानकें बंद पडलीं, कांहीं उघडीं राहिलीं, आणि पुष्कळ प्रवाशांना नाइलाजानें दुसरी वाट शोधावी लागली. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें आढळलें कीं, ज्यांना ही अडचण सोसावी लागली त्यांपैकीं सुमारें वीसांत एक जण संप मिटल्यावरही नव्या वाटेनेंच जात राहिला. याचें एक कारण नकाशांत होतें. हॅरी बेक यानें आंखलेल्या व १९३३ पासून प्रचारांत आलेल्या धर्तीचा तेथील नकाशा वाचावयास अत्यंत सुबोध, परंतु अंतरांच्या बाबतींत फसवा आहे. त्यावर जवळची दिसणारी वाट प्रत्यक्षांत लांबची असूं शकते.

या एका प्रवाशाचें कौतुक सर्वांनीं केलें. आमचें लक्ष मात्र उरलेल्या एकोणीसांकडे जातें. त्यांची दोन दिवसांची तसदी फुकट गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. संपापूर्वीं ते त्या वाटेनें नुसते जात होते. संपानंतर, ज्यानें मनांत तुलना केली त्यानें तरी, ती वाट निवडली. पाऊल तेंच, पण तें आतां त्याचें स्वतःचें झालें.

आपल्याकडे अशा संपाची वाट न पाहतां वर्षाच्या कालगणनेंतच ही सोय केलेली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासाचा एखादा नियम धरावयाचा. कोणी कांदालसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. नियम लहान, मुदत ठरलेली. तथापि दरवर्षीं तोच कांदा सोडणारा मनुष्य एका नित्यक्रमांतून दुसऱ्यांत जातो, एवढेंच होतें. तेव्हां केवळ बदल हें कांहीं औषध नव्हे.

मग कोणता बदल करावा? ज्याच्या योगानें आपल्या सुखाचा भार कोणावर पडतो तें दिसेल, तो. घरांतील कर्त्या पुरुषानें एके दिवशीं सर्वांच्या आधीं उठून शेगडीवर चहाचें आधण ठेवावें. साखरेचा डबा कोठें असतो हें त्याला बहुधा ठाऊक नसतें. आणि रोज आयता हातीं येणारा पेला कोणाच्या झोपेंतून कापून काढलेला असतो, हेंही त्याला त्याच दिवशीं कळतें. ज्याला नित्यक्रम सुखाचा असतो त्याला त्याची किंमत दिसत नाहीं, कारण ती दुसरा कोणी देत असतो. उलट, जिला पहांटे उठण्यावांचून गत्यंतर नाहीं, अथवा ज्या कामगाराची पाळी दुसरेच ठरवितात, त्यांना ‘आयुष्यांत लहानसा बदल करा’ असें सांगणें म्हणजे शुद्ध निर्दयपणा होय. बदलाचें कर्तव्य ज्याला मोकळीक आहे त्याचेंच आहे.

नित्यक्रम मोडून टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो अधूनमधून थांबवून पाहावा, आणि तपासाअंतीं योग्य ठरला तर खुशाल पुन्हा चालूं करावा. परंतु दुसऱ्या दिवशीं त्या घरांत चहा कोणी करावयाचा, हा प्रश्न एकदां विचारला गेला म्हणजे त्याचें उत्तर देणें भागच आहे.