गल्ली नंबर 4 आणि पिंप्राळा हुडको

धुळ्याच्या जुन्या गावात पत्ता विचारला की उत्तरात आकडा येतो: गल्ली नंबर 4, गल्ली नंबर 5. जळगावात पिंप्राळा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘गावात की हुडकोत?’ घरांसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव तिथं वस्तीचंच नाव होऊन बसलं आहे. साध्या माणसाला घर कसं मिळावं, या प्रश्नाला खानदेशानं दोन वेगवेगळ्या काळांत काय उत्तर दिलं, ते मला या दोन पत्त्यांत दिसतं.

1818 साली इंग्रजांच्या हाती आलेला खानदेश दुष्काळानं आणि लुटालुटीनं उजाड झालेला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं 1819 मध्ये धुळ्याला जिल्ह्याचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. व्यापाऱ्यांना घरासाठी जागा कायमची सारामाफ दिली. पक्की घरं उभी करायला आगाऊ पैसेही दिले, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांनाही. त्यात दानत नव्हती, सत्तेची सोय होती. शिवाय लाभ झाला तो मुख्यतः ऐपत असलेल्यांना. तरीही एक क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी जमीन दिली गेली, बाजार मागून भरला.

जळगावात हा क्रम उलटा झाला: आधी कर्ज आलं, घरं मागेच राहिली. 1990च्या दशकात नगरपालिकेनं हुडकोच्या कर्जातून गरिबांसाठी 11,424 घरकुलं बांधायची योजना आखली. तेवढी घरं उभी राहिली असती तर बाजार समितीतले हमाल, दालमिल आणि चटई कारखान्यांतले मजूर अशा कितीतरी कुटुंबांची एक अख्खी पिढी भाड्यातून सुटली असती. पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. फेब्रुवारी 2006 मध्ये या योजनेतल्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला गेला. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवलं, आणि निकालाविरुद्धची अपिलं उच्च न्यायालयात गेली. हुडकोचं कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर राहिलं. त्याच्या थकबाकीपायी महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. ज्याला घरकुल मिळालं नाही तोही घरपट्टी भरत होता, आणि त्याच्या गल्लीतला रस्ता त्या कर्जाखाली अडकला होता.

या प्रकरणाची चर्चा नेत्यांची नावं आणि गैरव्यवहाराचा 29 कोटींचा आकडा यांच्याभोवती फिरली. मला छळतो तो न बांधलेल्या जवळपास दहा हजार घरांचा हिशेब. त्या घरांत राहणारी माणसं कुठंतरी राहिलीच: नाल्याकाठी, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत, नाहीतर सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, जिथं आज गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. न्यायालय दोषींना शिक्षा देऊ शकतं, पण हुकलेली घरं बांधून देणं त्याच्या हातात नसतं. ते काम ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या मनात त्या प्रकरणानंतर भीती बसली असं मला वाटतं. मोठी गृहयोजना हाती घेण्यापेक्षा न घेणं सुरक्षित, ही समजूत भ्रष्टाचाराइतकीच महाग पडते.

पोकळी भरली ती प्लॉटच्या धंद्यानं. खानदेशात माणूस आधी ‘प्लॉट घेतला’ म्हणतो, घराचं नंतर बघतो. पुण्या-नाशिकला नोकरी करणारा मुलगा गावाकडे प्लॉट घेऊन ठेवतो. केळीचं वर्ष चांगलं गेलं की रावेर-यावलकडचा बागायतदार शहरात प्लॉट घेतो. यात गैर काही नाही. बँकेपेक्षा जमिनीवर भरवसा ठेवणारा हा मुलूख आहे. पण शहराच्या कडेची जमीन बाहेरच्या मिळकतीवर विकली जाते, आणि तिथं राहायची गरज असलेला माणूस स्थानिक मजुरीवर जगतो. साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी 10 लाखांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता 8,700 रुपयांच्या घरात जातो. दालमिलमध्ये रोजावर जाणाऱ्याला हप्ता तर झेपत नाहीच, पण त्याच्याकडे बँकेत दाखवायला पगाराची स्लिपही नसते. मग तो बिगरशेती न झालेल्या जमिनीतला गुंठा-दीड गुंठा घेतो. कागद कच्चा, नळ नाही, गटार नाही. ती वस्ती पुढं नियमित करायला सरकारला 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला.

2015 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना इथंच अडखळते. तिच्या ज्या घटकाचा छोट्या शहरांत सर्वाधिक बोलबाला आहे, त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात. अडीच लाख ही लहान रक्कम नव्हे. पण ज्याच्या नावावर उतारा नाही त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. ब्रिग्जनं जागा आणि पैसा दोन्ही दिलं होतं. आपण पैसा देतो, तोही ज्याच्याकडे आधीच जागा आहे त्याला.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण धुळ्याचे दिवस पालटण्याची चिन्हं आहेत. चाळीसगावहून येणाऱ्या रेल्वेफाट्याच्या टोकाला थांबलेल्या या शहरातून मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग जाणार आहे. 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हे नाव तर कितीतरी वर्षं आहे. हे सगळं व्हावंच. सुरतेची गाडी पकडणारी पोरं इथं थांबावीत, असं मला मनापासून वाटतं. पण कारखाना उभा राहून पगार सुरू व्हायच्या कितीतरी आधी बातमीनंच जमिनीचा भाव चढतो. पहिला कामगार कामावर जाईल तोवर त्याच्या घराची जागा तीन हात फिरलेली असेल.

म्हणून नव्या स्थानकांच्या आणि नरडाण्याच्या आसपासची काही जमीन, भाव चढायच्या आत, धुळे महापालिकेनं आणि शासनानं कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवावी. नगररचना परियोजनेची तरतूद 1966च्या कायद्यात आहेच. तिच्यातून शेतकऱ्याला विकसित भूखंड परत मिळावा, रस्ता आणि पाणी आधी यावं, आणि राखीव जमीन विकून न टाकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यावी. कोणत्या गटात किती जागा राखली, ती कुणाला दिली, किती घरं पुरी झाली, याचा फलक प्रभाग कार्यालयाच्या दारात लावावा. 11,424 पैकी किती झाली हे जळगावकरांना पोलिसांत गुन्हा नोंदल्यावर कळायला नको होतं, दर महिन्याला त्या दारात वाचता यायला हवं होतं.