ग्रहाचे लक्षण आणि सत्यनिष्ठा

देवळातील मंडलात ग्रह नऊ, शाळेतील पुस्तकात आठ. मग खोटे कोणते? निर्मलमधील एखाद्या मुलाने असा प्रश्न केला तर वडीलधाऱ्यांनी काय उत्तर द्यावे? पोथी खोटी म्हणणे उतावीळपणाचे. तसेच विज्ञान रोज बदलते, त्यावर विश्वास काय ठेवावा, असे म्हणून त्याला गप्प बसविणेही अनुचित होय. कारण हा प्रश्न लक्षणाचा आहे.

लक्षणाचे अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव असे तीन दोष आपल्या नैयायिकांनी सांगितले आहेत. स्थिर नक्षत्रांमधून जो सरकताना दिसतो तो ग्रह, हे प्राचीन लक्षण. त्यात सूर्यचंद्र येतात. जिच्यावर उभे राहून पाहावयाचे ती पृथ्वी येत नाही. राहू व केतू हे चंद्र व सूर्य यांच्या मार्गांचे छेदनबिंदू. ग्रहणाच्या गणितास ते आवश्यकच. पुढे सूर्य मध्यस्थानी आहे हे सिद्ध झाले आणि सूर्याभोवती फिरणारा गोल तो ग्रह, असे ठरले. १८०१ साली सापडलेला सेरेस त्यामुळे ग्रह गणला गेला. परंतु त्याच पट्ट्यात तसे अनेक सापडू लागताच ही अतिव्याप्ती ध्यानात आली व त्यांस लघुग्रह म्हणू लागले. १९३० साली सापडलेल्या प्लूटोचेही तसेच झाले. जवळजवळ त्याच्याएवढाच एरिस २००५ साली जाहीर झाला, आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आपल्या सूर्यमालेपुरत्या तीन अटी घातल्या: सूर्याभोवती भ्रमण, स्वतःच्या गुरुत्वाने आलेला गोलाकार, आणि कक्षेच्या परिसरावर निर्विवाद प्रभुत्व. तिसरी अट न पाळणारा प्लूटो बटुग्रह ठरला. या अटीविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. प्लूटोच्या गतीत मात्र त्या ठरावाने केसभरही फरक पडला नाही.

येथे आपल्या सत्यनिष्ठेची कसोटी लागते. कै. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील दोन ग्रहांचे भाकीत केले व त्यांस ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पहिल्याचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट व प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे काढला होता. प्लूटोचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काल सुमारे २४८ वर्षे. हे साम्य पाहून मराठी मनास अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु तेवढ्यावरून प्लूटोच्या शोधाचे श्रेय आपले म्हणणे सत्यास धरून होणार नाही. दुसऱ्या भाकिताशी जुळणारा ग्रह आढळलेला नाही, आणि गणितातील एक मेळ म्हणजे प्रत्यक्ष दर्शन नव्हे.

केतकरांची थोरवी अशा श्रेयावर अवलंबूनही नाही. जुन्या कोष्टकांनी काढलेले ग्रहस्थान आकाशात जुळत नाही, तर कोष्टक सुधारावे, हाच त्यांच्या पंचांगशोधनाचा आग्रह होता. परंपरेचा त्यांनी त्याग केला नाही. तिला दृक्प्रत्ययाची जोड दिली. पूर्वजांचा आदर याहून अधिक तो कोणता?

म्हणून मुलास सांगावे की, मंडलातील नऊ हे उपासनेचे व प्राचीन गणनेचे; पुस्तकातील आठ हे आजच्या शास्त्राच्या लक्षणाचे. दोन्हींचे प्रयोजन निराळे आहे. नऊंच्या समर्थनार्थ विज्ञानाचा खोटा दाखला आणू नये व आठांच्या बळावर श्रद्धेचा उपहास करू नये. शब्द आपण घडविलेले आहेत, आकाश नव्हे. आकाशाशी शब्द जुळेनासा झाला, तर शब्दच बदलणे हा आपला धर्म होय.