हिरवा दिवा

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर शनिवारी दुपारी पिवळा दिवा लागला. मशीनच्या लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं: ए-२ स्लॉटमधली रॅम वारंवार चुकते आहे. संध्याकाळी कंपनीचा तरुण इंजिनिअर आला. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून त्यानं जुनी रॅम काढली, नवी बसवली, दोन्ही खिट्ट्या टक् वाजेपर्यंत दाबल्या. मशीन सुरू झालं, ६४ जीबी पूर्ण दिसली. त्यानं जुना लॉग पुसला आणि दिवा हिरवा झाला. काढलेल्या रॅमच्या पाकिटावर मार्करनं ‘खराब’ लिहून तो सर्व्हिस रिपोर्ट भरायला बसला. शेवटची एसटी साडेआठची होती.

संस्थेच्या कॉम्प्युटरचं सगळं बघणारे अण्णा इतका वेळ स्टुलावर गप्प बसून होते.

“दिवा हिरवा कशानं झाला?”

“रॅम बदलली ना, अण्णा.”

“रॅम बदलल्यानं, की लॉग पुसल्यानं?”

पोरगा पेन हातात धरून थांबला. त्या मशीनमध्ये पिवळा दिवा लॉगमधल्या नोंदीवर जळायचा. नोंद पुसली की तो विझणारच. शिवाय रिस्टार्ट केलं की चुकांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे पहिली दहा मिनिटं कुठलंही मशीन निर्दोषच.

“उन्हाळ्यात शाकारलेलं घर गळत नाहीच,” अण्णा म्हणाले. “जरा पाऊस पाड त्याच्यावर.”

एसटी गेली. पोरानं थोड्या नाराजीनंच मेमरीची चाचणी लावली. ती सगळी रॅम वेगवेगळ्या नमुन्यांनी भरते, परत वाचते आणि ताडून बघते. संस्थेच्या शिपायानं आणलेला वडापाव खाऊन होईपर्यंत पहिली फेरी संपली. चूक एकही नाही. पोराचा चेहरा खुलला.

अण्णांचा मात्र खुलला नाही. अशा सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांच्या जोडीला ८ बिट पहाऱ्याला असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी सुधारला जातो, दोन उलटले तर निदान बोंब तरी मारली जाते. ही विद्या रिचर्ड हॅमिंग यांची. बेल लॅब्जमध्ये शनिवार-रविवारी माणसं नसताना मशीन चूक ओळखून त्यांचं काम अर्धवट टाकून द्यायचं. चूक ओळखता येते, तर सुधारता का येऊ नये, या चिडीतून त्यांनी हे गणित मांडलं आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केलं. सोय उत्तमच, पण चाचणीच्या हाती पडतो तो सुधारलेला आकडा. घरातलं कुणी सगळ्यांच्या चुका निस्तरत असलं की बाहेरच्याला घर आदर्श वाटतं, तशातली गत.

“आता पेनड्राइव्हवरून लिनक्स चढव, भरपूर लोड दे, आणि चुका किती सुधारल्या तो आकडा बघ,” अण्णा म्हणाले. “चाचणी काय म्हणते ते राहू दे.”

बराच वेळ आकडा शून्यावर होता. पंख्यांचा आवाज चढला, मागून गरम हवा यायला लागली, आणि मध्यरात्रीनंतर शून्याचा एक झाला.

“एखादी चूक होतेच, अण्णा.”

“होते की. जागा कुठली?”

“ए-२.”

तासाभरात आकडा दोन अंकी झाला. सगळ्या चुका ए-२ मध्येच, आणि रॅम तर कोरी. पोरगा आता खरा जागा झाला. सांगायची वाट न बघता त्यानं मशीन बंद केलं, ए-२ मधली नवी रॅम बी-१ मध्ये घातली, बी-१ मधली ए-२ मध्ये आणली आणि पुन्हा लोड दिला. दोष रॅमचा असता तर तिच्यामागे बी-१ मध्ये गेला असता. तो जागचा हलला नाही.

पहाटे त्यानं प्रोसेसर उचलला आणि मोबाइलच्या टॉर्चनं सॉकेट बघितलं. हजाराहून जास्त सारख्या पिनांच्या रांगांत एक किंचित कलली होती, तिरकस उजेड टाकल्याशिवाय न दिसणारी. मागं कधीतरी कुणीतरी प्रोसेसर बसवताना घाई केली असणार. ‘खराब’ लिहिलेली ती रॅम त्यानं नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून तपासली. ती ठणठणीत निघाली.

रविवारी दुपारी पुण्याहून मदरबोर्ड आला. या वेळी अण्णा स्टुलावर नव्हते, घरी झोपले होते. पोरानं स्वतःच लोड दिला, तासातासानं आकडा लिहून ठेवला. मग मदरबोर्डबरोबर आणखी काय काय बदललं असेल ते बघत सुटला. डिस्कचा रेड शाबूत आहे का, दोन पॉवर सप्लायपैकी एकाची वायर ओढली तर मशीन तग धरतं का. आणि घड्याळ! नवा बोर्ड ग्रीनिचच्या वेळेवर होता, साडेपाच तास मागे. सोमवारी पहाटे कुणी दिवस उघडला असता तर व्यवहारांवर रविवारची तारीख पडली असती. हे अण्णांनीही सांगितलं नव्हतं.

सकाळी मॅनेजरसाहेब आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन पानी रिपोर्ट होता. काय बदललं ते एका ओळीत, काय तपासलं ते उरलेल्या जागेत.

“एवढं सगळं वाचायचं?” साहेब पेन उघडत म्हणाले.

“वाचा, साहेब,” पोरगा म्हणाला. “खाली सही तुमची आहे.”