पायाखालचा गंज

घरी वडिलांची जुनी बजाज चेतक दुरुस्त करायला घेतली असेल, तर आधी पायाखालचे रबर उचलून पाहा. 1972 पासून निघालेल्या या स्कूटरला वेगळी चौकट नाही. साच्यात दाबलेला पत्राच सगळा भार पेलतो. सुटे भाग बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर शोधता येतात. पण गंजलेल्या छिद्रात पुट्टी भरून वर रंग मारायचा, की गंज कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. रंगानंतर दोन्ही सारख्याच चमकतात! निष्काम कर्म म्हणजे फळ न मागणे, एवढेच आपण धरतो. इथे तर कौतुकालाही जागा नाही. तळ कोण पाहतो? मागच्या सीटवर आई बसते, ती काही रबर उचलून बघत नाही.